कृष्णविवराभोवतीचा उजेड का बदलतो? : वाचकांचे प्रश्न

सक्रिय दीर्घिकाकेंद्रांचे ‘टाइप १’ आणि ‘टाइप २’ असे प्रकार वाचले. एकच केंद्र प्रकार बदलतं, हे कसं? (नाशिक)

सक्रिय दीर्घिकाकेंद्र म्हणजे दीर्घिकेच्या मध्यावरचं, वायू गिळणारं महाकाय कृष्णविवर आणि त्याभोवतीचा झगमगता परिसर. हे प्रकार वर्णपटावरून, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशावरून ठरतात. कृष्णविवराजवळचे वायूचे ढग सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं फिरतात, म्हणून त्यांच्या हायड्रोजनच्या रेषा रुंद दिसतात. त्या दिसल्या की टाइप १. नुसत्या दूरच्या, संथ वायूच्या अरुंद रेषा असतील तर टाइप २. हा फरक आपण कोणत्या कोनातून बघतो त्यावर अवलंबून आहे, असं मानलं जातं: धुळीचं कडं आड आलं की आतले ढग झाकले जातात. बहुतेक केंद्रांना हे लागू पडतं. पण आपला कोन काही बदलत नाही. तरीही तिमिंगल तारकासमूहातलं मार्केरियन १०१८ हे केंद्र १९८०च्या दशकात टाइप १ झालं आणि २०१५मध्ये पाहावं तर त्याच्या रुंद रेषा जवळपास गेलेल्या!

मध्ये धुळीचा ढग आला असेल, इतकं साधं कारण का नसावं? (पुणे)

कुठे कुठे तेच कारण आहे. एनजीसी १३६५ या दीर्घिकेत ढग क्ष-किरणांच्या उगमावरून सरकताना पकडले गेले आहेत. ते काही दिवसांत बाजूलाही होतात. मार्केरियन १०१८चे क्ष-किरण मात्र मंदावले, पण वाटेत कुणी शोषून घेतल्याची खूण त्यात नाही. मला सर्वांत पटतो तो अवरक्त प्रकाशाचा पुरावा. पडदा फक्त आपल्या दिशेला असता, तर केंद्राभोवतीची धूळ तापलेलीच राहिली असती. अशा अनेक केंद्रांत दृश्य प्रकाशामागोमाग धुळीची अवरक्त चमकही उतरते. म्हणजे मूळ दिवाच, कृष्णविवराकडे ओढला जाणारा तप्त वायूच, मंद झालेला असतो.

मग दिवा मंद का होतो? (कोल्हापूर)

खरी अडचण इथे आहे. कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या तबकडीचं १९७३पासून रूढ असलेलं गणित सांगतं, की दहा कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराकडे येणारा वायूचा ओघ ठळकपणे बदलायला हजारो वर्षं लागावीत. दुर्बिणींना तो बदल काही वर्षांत दिसतो. म्हणून त्या गणितात भर घालावी लागते आहे: चुंबकीय क्षेत्रानं फुगलेली तबकडी, आतल्या काठाजवळची अस्थिरता, तबकडीतून पसरणारी उष्णतेची लाट. सगळ्या केंद्रांना एकच उत्तर पुरेल, असं मला वाटत नाही. कालेय तारकासमूहातलं १ईएस १९२७+६५४ डिसेंबर २०१७च्या सुमारास भडकलं, काही महिन्यांनी तिथे रुंद रेषा उमटल्या, २०१८मध्ये क्ष-किरण देणारा अतितप्त प्रभामंडल जवळजवळ नाहीसा झाला आणि नंतर पुन्हा उजळला. एखादा तारा फाटून तबकडीत कोसळला असावा, अशी एक शक्यता मांडली गेली आहे.

हौशी निरीक्षकाला यातलं काही पाहता येईल का? (ठाणे)

येईल. श्यामशबल तारकासमूहातली एनजीसी ४१५१ ही दीर्घिका बघा. तिच्या रुंद रेषा १९८४मध्ये जवळपास दिसेनाशा झाल्या होत्या, पुढे परतल्या. रेषा पाहायला वर्णपटलेखक हवा. पण केंद्राची प्रत (तेजस्वितेचं माप) साधारण अकरावी आहे. आठ इंची दुर्बीण, कॅमेरा आणि अंधारं आकाश असेल, तर शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तेजस्वितेतला चढउतार मोजता येतो. मात्र एकाच मोसमावर थांबू नका, दर वर्षी नोंदी घ्या.