तोंडी काही नाही

प्रिय पोरी,

स्वतःचा एजंट न घेता, ठरावीक फी भरून एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामायिक यादीवर, न्यू जर्सीतलं घर विकायला टाकलंस ते शहाणपण की घाई, ही चर्चा आता पुरे. टाकलंस ना, मग झालं. सहा लाखांच्या घरावर पाच टक्के कमिशन म्हणजे तीस हजार डॉलर, हा हिशेब तुला माझ्याहून चांगला येतो. तू गांगरलीस ती वेगळ्या कारणाने. पहिल्याच शनिवारी घेणाऱ्यांच्या एजंटांचे फोन सुरू झाले. एकजण म्हणाला, आमची अडीच टक्के फी कबूल केल्याशिवाय या घराकडे कोणी फिरकणार नाही. एक बाई म्हणाली, माझं गिऱ्हाईक मागितल्यापेक्षा वीस हजार जास्त देईल, फक्त उद्याचं ओपन हाऊस, म्हणजे सगळ्यांना घर बघायला उघडं ठेवणं, रद्द करा. आणि तू सगळ्यांना काय सांगितलंस? "हो, बघते."

असं नाही म्हणायचं. म्हणायचं, "लिहून पाठवा." वीस हजार जास्त देणारं गिऱ्हाईक खरं असेल तर ऑफर संध्याकाळपर्यंत तुझ्या ईमेलमध्ये येते. खोटं असेल तर त्या बाईंचा पुन्हा फोन येत नाही. ओपन हाऊस दोन्ही वेळा होतंच.

तुझ्या त्या फी घेतलेल्या ब्रोकरने त्याचं काम केलंय, हे ध्यानात घे. त्याने घर एमएलएसवर चढवलं, तिथून ते झिलो, रेडफिन, रिअल्टर डॉट कॉम या घरांच्या वेबसाइटींवर गेलं. पुढचं सगळं तुझं. नेहमीचा लिस्टिंग एजंट, म्हणजे विकणाऱ्याचा एजंट, फोटो काढतो, कुकी भाजल्याचा वास घरात सोडतो, ते सोड. त्याचं खरं काम म्हणजे दहा जणांचं तोंडी बोलणं कागदावर आणणं. त्या कामाचे पैसे तू वाचवलेस, काम वाचलेलं नाही. आणि त्या ब्रोकरचा करारही आज रात्री परत वाच. क्लोजिंगला, म्हणजे घर घेणाऱ्याच्या नावावर होताना, वर आणखी टक्का घेतो का? किंमत बदलायचे वेगळे पैसे आहेत का? मध्येच काढून घ्यायचं ठरलं तर काय? "त्यांनी फोनवर सांगितलं की नाही घेत" हे मला ऐकवू नकोस.

आता अडीच टक्क्यांचं. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेने कमिशनवरच्या त्या मोठ्या खटल्यात 41 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड केली. त्यानंतर 17 ऑगस्ट 2024 पासून घेणाऱ्याच्या एजंटाला काय मिळणार, हे एमएलएसवर छापता येत नाही. आणि घर दाखवायला नेण्याआधी एजंटाने आपल्या गिऱ्हाइकाशी लेखी करार करायचा, त्यात स्वतःची फी लिहायची. म्हणजे तुला फोन करणाऱ्याची फी कुठेतरी आधीच लिहिलेली आहे. ती तू द्यायचीस असं त्याला वाटत असेल, तर त्याने ऑफरमध्ये तसं मागावं. देणं गुन्हा नाही, न देणंही नाही. तू हातात काय पडतं तेवढं बघ. 6 लाख 10 हजारांची ऑफर आणि त्यातून अडीच टक्के द्यायचे, म्हणजे 15,250 गेले, उरले 5 लाख 94 हजार 750. दुसरी 5 लाख 98 हजारांची, त्यात एजंटाची फी घेणाराच देईल. कुठली चांगली? फोनवर पहिली चांगली वाटते. कागदावर दुसरी.

मी एवढा का हटून बसतो, तर ऐक. एडिसनचं आमचं घर विकायला काढलं तेव्हा मराठी मंडळातलेच एक गृहस्थ आले. चहा झाला, पोहे झाले. म्हणाले, "काका, दुसरीकडे देऊ नका, घर आमचंच." मी पाटी काढून ठेवली. मार्च, एप्रिल, मे. शाळेच्या हिशेबाने घरं विकली जातात ते सगळे महिने. जूनमध्ये कळलं, त्यांनी प्लेन्सबरोला घर घेतलं. मला सांगायलाही आले नाहीत, पेढे मात्र आले. तुझी काकू आजही म्हणते, चूक तुमची. मी मानत नाही. आपल्या माणसाच्या शब्दावर थांबणं ही चूक कशी? त्याने शब्द मोडला, मी नाही. पण त्यानंतर मंडळातला कोणी घराबद्दल बोलायला आला की मी आधी त्याच्या बँकेचं प्रीअप्रूव्हलचं, म्हणजे कर्ज द्यायची तयारी दाखवणारं, पत्र मागतो. त्यावरून एक-दोघं दुखावले. दुखावू देत.

लिहून घेणं जसं, तसंच लिहून देणं. न्यू जर्सीत ऑगस्ट 2024 पासून विकणाऱ्याला घराच्या स्थितीचा डिस्क्लोजर फॉर्म भरून द्यावाच लागतो, एजंट असो नसो. पुराचे प्रश्नही त्यातच आहेत. आणि परवानगी न घेता काही बांधलंय का, हाही प्रश्न आहे. तुमच्या बेसमेंटमधली ती बाथरूम! ओळखीच्या माणसाने स्वस्तात करून दिली म्हणून तुझ्या नवऱ्याने मोठ्या कौतुकाने दाखवली होती. त्याच वेळी मी विचारलं होतं परमिटचं, तेव्हा दोघं हसलात. आता टाउनशिपच्या बांधकाम खात्यात जा, आणि मागाहून परमिट कसं मिळतं ते विचार. प्लंबर भिंत उघडायला लावेल, खर्च होईल. नाहीच जमलं तर फॉर्मवर सरळ "परमिट नाही" लिही आणि किंमत त्या हिशेबाने धर. "कोण बघतंय" म्हणशील तर यापुढचं पत्र वाचूच नकोस. घर 1978 च्या आधीचं आहे, तेव्हा शिशाच्या रंगाचा फॉर्मही लागेल. घर तापवायच्या तेलाच्या जुन्या टाकीचं घेणारा विचारणारच. जमिनीत टाकी होती का आणि काढल्याचा दाखला आहे का, तो आधीच शोधून ठेव.

वकिलावर कंजूषपणा करू नकोस, ही एकच उधळपट्टी मी तुला करायला सांगतो. एजंटाने भरलेल्या करारात आपल्याकडे तीन कामकाजी दिवसांचा अॅटर्नी रिव्ह्यू असतो. तेवढ्यात दोन्हीकडचे वकील करार बदलू शकतात, मोडूही शकतात. तो संपेपर्यंत घर विकलं असं आईलासुद्धा सांगू नकोस. मग इन्स्पेक्शन. त्यानंतर घेणाऱ्याचा फोन येईल, "छपराचं थोडं बघा ना." थोडं म्हणजे किती? दुरुस्ती की पैसे? परवानाधारक माणसाकडून की तुझ्या नवऱ्याच्या हाताने? दोन्ही वकिलांच्या पत्रात आलं तर खरं.

टॅक्सचं थोडक्यात. पाच वर्षांतली दोन तुम्ही तिथे राहिलात, तेव्हा नवरा-बायको मिळून पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर फेडरल कर नाही. न्यू जर्सी सोडून टेक्सासला निघालात म्हणून कोणी "एक्झिट टॅक्स"ची भीती घालेल. तो वेगळा कर नव्हे, आगाऊ कापून ठेवलेला आयकर आहे, आणि राहत्या घराला त्यातून सूट मागायचा फॉर्म असतो. क्लोजिंगला तो पुढे करायचं वकिलाला आत्ताच कळव. कसं कळवायचं ते सांगायला नको.

तू म्हणालीस, "काका, सगळ्यांशी असं कागदावर बोललं तर लोक म्हणतील माणूसघाणी." म्हणू देत. मलाही म्हणतात. मन्रोच्या आमच्या पंचावन्नपुढच्यांच्या वसाहतीत मला "ईमेलवाले काका" असं नाव आहे, आणि घर विकायचं ठरलं की पहिल्यांदा माझ्याचकडे येतात. गोड बोलायला काही मनाई नाही. चहा दे, घर दाखव, मागच्या अंगणातली तुळसही दाखव. पण किंमत, तारीख, वस्तू कुठल्या ठेवणार, फ्रिज जाणार की राहणार, यातलं काही चहाबरोबर नको.

शनिवारी ये. कराराची प्रत आणि आलेल्या ऑफरी छापून आण, नवऱ्यालाही आण, त्याला बाथरूमबद्दल दोन शब्द बोलायचेत.

तुझा,
काका

ता. क. स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि अग्निशामक यांच्या दाखल्यासाठी टाउनशिपकडे आजच अर्ज कर, तपासणीची तारीख लवकर मिळत नाही. अग्निशामक स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत, भिंतीला लावलेला हवा, सिंकखाली ठेवलेला चालत नाही. नवा घेतलास तर पावती जपून ठेव.