घरचं यंत्र आणि मेडिक्लेम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाबांना (वय 71) सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र) लावायला सांगितला, म्हणून विकत घेतला. रुग्णालयाचं बिल मंजूर झालं, यंत्राचं नामंजूर. आमच्याकडे कन्झ्युमेबल्सचा (वापरून टाकून द्यायच्या वस्तूंचा) रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षणही आहे. आता काय करता येईल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रायडरवर फार विसंबू नका. एरवी विम्यात पैसे न मिळणाऱ्या ज्या 68 वस्तूंच्या यादीसाठी तो असतो, त्यात हातमोजे, मास्क, नेब्युलायझर किट असं बरंच काही येतं, पण बहुतेक रायडर रुग्ण दाखल असतानाच्या बिलापुरतेच चालतात. पॉलिसी विकताना हे कुणी स्पष्ट करत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तुमचा मार्ग पोस्ट-हॉस्पिटलायझेशनच्या कलमातून जातो. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे 60 दिवस त्याच आजाराचा वैद्यकीय खर्च मिळतो. अनेक कंपन्या यंत्रांना मात्र ‘ड्युरेबल इक्विपमेंट’ (टिकाऊ उपकरण) म्हणून वगळतात. म्हणून आधी तुमच्या पॉलिसीत हे वगळणारं कलम खरोखर आहे का, ते पाहा. नसेल तर भांडा. ‘नॉन-पेएबल’ (देय नाही) एवढा शेरा पुरेसा नाही. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना किंवा कापताना कंपनीला पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो. तो लेखी मागा.

डिस्चार्ज कार्डही काढून बघा. त्यावर ‘गरजेनुसार ऑक्सिजन’ एवढंच असेल तर दावा लंगडा पडतो. मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास, किती आठवडे, हे डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. अजून कुणाचा डिस्चार्ज व्हायचा असेल, तर सुरुवातीला यंत्र भाड्याने आणा. भाडं हा त्या 60 दिवसांतला खर्च म्हणून मांडता येतो, खरेदीबाबत ते अवघड जातं. भाडंही मिळेलच अशी हमी नाही, पण बाजू भक्कम होते.

आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. तिने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जा. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत असते, ती चुकवू नका.

प्रश्न : आईचं पोटातलं डायलिसिस (सीएपीडी) घरीच चालतं. कंपनी म्हणते, केंद्रात जाऊन रक्ताचं डायलिसिस केलं असतं तर पैसे मिळाले असते. हे योग्य आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : न्याय्य नाही, पण अनेक पॉलिसींत तसं लिहिलेलं असतं. जुन्या मसुद्यांत तर सीपॅप (झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र), सीएपीडी आणि इन्फ्युजन पंप (ठरलेल्या गतीने औषध शरीरात सोडणारा पंप) ही नावं घेऊनच वगळलेली आहेत. केंद्रातलं डायलिसिस डे-केअरमध्ये बसतं, म्हणून 24 तास दाखल राहण्याची अट त्याला लागत नाही. घरी मात्र साधारण दोन-दोन लिटरच्या पिशव्या दिवसातून चारेक वेळा बदलायच्या, दंडात टोचायच्या सुया आणि केंद्राच्या आठवड्यातल्या फेऱ्या वाचवायच्या, आणि खर्च सगळा आपल्या खिशातून! पोटात कॅथेटर बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा आणि जंतुसंसर्ग होऊन दाखल व्हावं लागलं तर त्याचा दावा मात्र अवश्य करा, तो पिशव्यांपासून वेगळा आहे. सीएपीडीचं नाव तुमच्या पॉलिसीत नसेल, तर वर सांगितलेला तक्रारीचा रस्ता तुमच्यासाठीही खुला आहे.

घरचे उपचार विम्यात घेता येत नाहीत, हे मला पटत नाही. 2020 च्या कोरोना कवच पॉलिसीत घरी 14 दिवसांपर्यंतचे उपचार होते, आणि त्यात पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर यांचाही खर्च धरला होता.

प्रश्न : मी केंद्र सरकारचा निवृत्त कर्मचारी. सीपॅप घ्यायचं आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर खाजगी विम्याआधी तिकडे विचारा. तज्ज्ञाचा सल्ला, स्लीप स्टडीचा (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचा) अहवाल आणि पूर्वपरवानगी असेल तर ठरलेल्या मर्यादेत परतावा मिळतो. आधी घेऊन मग परवानगी मागू नका.

प्रश्न : आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आता ती अंथरुणातच आहे. ‘डोमिसिलियरी’ (घरी होणाऱ्या उपचारांच्या) कलमातून फाउलर बेड (डोक्याकडची, पायाकडची बाजू उचलता येणारी खाट) आणि एअरबेडचे पैसे मिळतील? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही मिळणार. ते कलम रुग्णालयातच व्हायला हवे होते अशा उपचारांसाठी आहे. रुग्ण हलवण्यासारखा नाही किंवा रुग्णालयात जागाच नाही, आणि उपचार तीन दिवसांहून जास्त चालले, तरच ते लागू होतं. आजीची सेवा त्यात बसत नाही. एअरबेड तर त्या 68 वस्तूंच्या यादीतच आहे.

हे सामान विकत घेण्याआधी जवळचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र गाठा. अनेक गावांत मंडळं, देवस्थानं आणि रोटरी क्लब अनामत घेऊन बेड, व्हीलचेअर, वॉकर वापरायला देतात. आजीचं वय 65 च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेचीही चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. त्यात कमोड खुर्ची, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये थेट खात्यात येतात. त्यासाठी आजीचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते आधी तपासून घ्या.