जर्मनीत सामायिक घरात राहायला जाताना

मुंबईहून हिवाळी सत्रासाठी जर्मनीला निघताना कुकर आणि गोडा मसाला अवश्य न्या. मात्र सामायिक घरात, म्हणजे तिथल्या ‘वेगे’मध्ये, खरी परीक्षा स्वयंपाकघरातच होते, हे ध्यानात ठेवा. फोडणीच्या वासाचा त्रास होतो का, हे पहिल्याच आठवड्यात सोबत्यांना विचारावे आणि मांसासाठी वापरलेली भांडी आपल्याला चालणार नसतील, तर तेही तेव्हाच सांगावे. मनात कुढत राहून महिन्याभराने भडकणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक असते. कोणी ‘रविवारी व्हॅक्यूम क्लीनर नको’ असे तोंडावर सांगितले, तर तो अपमान समजू नका, कारण रविवारी आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळण्याची तिथे रीतच आहे. कचरा वेगळा करण्यातही हयगय नको.

पैशांबाबत एवढेच, की अनामत रक्कम हीटिंग वगैरे खर्च वगळून तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीचे प्रसारण शुल्क माणशी नव्हे, घरटी एकदाच भरायचे असते. ते आपसांत वाटून घ्या. फक्त मराठी मुलांबरोबरच राहण्याचा मोह (तो मलाही कळतो) सुरुवातीला तरी टाळावा. भाडेकरारातील बारकावे तूर्त बाजूला ठेवा. आपले नाव त्यात लेखी आहे, एवढे पाहिले तरी पुरे.