५३ व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन नागपुरात राहायचे असेल, तर पैसा, घर आणि आजारपण यांची सोय कशी लावावी?

नमस्कार. तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे: वय ५३, कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर केली आहे, मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट असून त्याचे थोडे कर्ज शिल्लक आहे, महालातील वडिलोपार्जित घरात भावासोबत हिस्सा आहे, मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षे उरली आहेत, वडील पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि तुम्हाला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. मिळणाऱ्या रकमेत पुढचे आयुष्य निघेल का, असे तुम्ही विचारले आहे. मीही बुटीबोरीच्या एका कारखान्यातून मुदतीआधी बाहेर पडलो आहे, म्हणून जे मला स्वतःला तपासावे लागले तेच लिहितो.

माझ्या मते एकूण रकमेपेक्षा मधल्या वर्षांचा विचार आधी करायला हवा. आपल्याकडील बहुतेक सोयी ठरावीक वयालाच सुरू होतात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी मिळते, ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि प्राप्तिकरातील ज्येष्ठांच्या सवलती ६० व्या वर्षी लागू होतात आणि आयुष्मान योजनेचे ज्येष्ठांसाठीचे कार्ड तर ७० व्या वर्षी मिळते. ५३ व्या वर्षी पगार थांबला, तर या सगळ्या वयांपर्यंतचा काळ स्वतःच्या पैशांवरच काढावा लागतो. हा काळ नीट निघाला, तर पुढचे पुष्कळ सोपे होते. पण याच काळात मुद्दल खर्ची पडले, तर साठीनंतर ते पुन्हा उभे करण्याची ताकद आपल्यात उरलेली नसते.

म्हणून पहिली सूचना अशी की, कंपनीची योजना पुन्हा येण्याची शक्यता असेल किंवा व्यवस्थापनाशी बोलून मुदत वाढवून घेता येत असेल, तर ५५ पूर्ण होईपर्यंत नोकरीत राहण्याचा गंभीरपणे प्रयत्न करा. त्याचे कारण ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या नियमात आहे. ही योजना एरवी ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी असली, तरी ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या व्यक्तीला निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या लाभांच्या मर्यादेत, तिच्यात पैसे ठेवता येतात. कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे आणि एप्रिल २०२३ पासून व्याजदर ८.२ टक्के चालत आला आहे. म्हणजे पूर्ण रक्कम ठेवल्यास दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात आणि एकदा ठेवलेल्या पैशावर पाच वर्षे तोच दर राहतो. ५३ व्या वर्षी लाभ घेऊन बाहेर पडणाऱ्याला हे दार साठीपर्यंत बंद असते. दोन वर्षांच्या पगाराहूनही हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

ते शक्य नसेल आणि आत्ताच बाहेर पडायचे असेल, तर निवृत्तिवेतनाचा अर्ज मात्र लगेच करू नका. किमान दहा वर्षे सेवा झालेल्यांना ते ५० व्या वर्षापासून मागता येते हे खरे, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षासाठी चार टक्के कपात होते आणि ती कायमची असते. ५३ व्या वर्षी मागितल्यास जवळपास पाचवा हिस्सा आयुष्यभरासाठी जातो. मुळात ही रक्कम लहान आहे. निवृत्तिवेतनासाठी धरला जाणारा पगार बहुतेकांच्या बाबतीत १५,००० रुपयांवर थांबतो. त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक रक्कम निघते, म्हणजे तीस वर्षांच्या सेवेला सुमारे ६,४३० रुपये. या रकमेवर घर चालत नाही, त्यामुळे ती आजच सुरू करून कमी करून घेण्यात काहीच लाभ नाही.

भविष्य निर्वाह निधीची रक्कम खात्यात काही काळ तशीच ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो चुकीचा नाही, परंतु नोकरी सुटल्यानंतरच्या काळात त्या खात्यावर जमा होणारे व्याज करपात्र असते, हे ध्यानात ठेवा. खाजगी नोकरीत ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत, रजेच्या रोखीकरणाची रक्कम २५ लाखांपर्यंत आणि योजना प्राप्तिकराच्या नियमांत बसत असल्यास स्वेच्छानिवृत्तीची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. भरपाईचा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो, पण ५ लाखांच्या वरच्या भागावर कर लागून हातात किती उरेल, हे कंपनीच्या लेखा विभागाकडून लेखी मागून घ्या.

आता खर्चाकडे वळतो. बँकेचे मागील बारा महिन्यांचे उतारे समोर घेऊन बसा आणि महिन्याच्या खर्चासोबत वर्षातून एकदा येणाऱ्या रकमाही धरा: मालमत्ता कर, सोसायटीचे शुल्क, गाडीचा विमा, लग्नकार्ये आणि एप्रिल ते जूनची विजेची बिले. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात उतारवयात कूलर किंवा एसी ही चैन राहत नाही, त्यामुळे त्यात काटकसर गृहीत धरू नका. समजा, सारे मिळून महिन्याला ४५,००० रुपये लागतात. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो; म्हणजे तुमच्या ६५ व्या वर्षी त्याच राहणीला ९०,००० आणि ७७ व्या वर्षी १,८०,००० रुपये लागतील. सगळे पैसे मुदत ठेवीत ठेवून व्याजावर जगण्याचा विचार पहिली सात-आठ वर्षे सुरक्षित वाटतो आणि नंतर घात करतो, तो या हिशोबामुळे.

मी स्वतः असे केले आहे: दोन वर्षांचा खर्च बँकेच्या ठेवींत, त्यापुढच्या काही वर्षांचा पोस्टाच्या आणि सरकारी रोख्यांच्या योजनांत, आणि दहा वर्षे तरी हात लावण्याची गरज नाही तेवढाच भाग शेअर बाजाराशी निगडित म्युच्युअल फंडांत. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेला वयाची अट नाही. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात १५ लाख ठेवता येतात आणि ७.४ टक्के दराने महिन्याला ९,२५० रुपये येतात. बँकेतील ठेवींना एका बँकेत एका व्यक्तीमागे व्याजासह ५ लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे, म्हणून रक्कम दोन-तीन बँकांत विभागा. पतसंस्थांना हे संरक्षण मुळीच नाही. निवृत्तीची रक्कम आल्याची बातमी नात्यागोत्यांत आणि ओळखीपाळखीत फार लवकर पसरते, आणि महिन्याला दोन टक्के देतो म्हणणारी माणसे घरापर्यंत येतात. मी पहिले सहा महिने कोणालाही होकार द्यायचा नाही, असे घरात सगळ्यांसमोर ठरवले होते, आणि तुम्हीही तसेच करावे असे मनापासून सुचवतो.

आजारपणाबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने लिहावेसे वाटते, कारण येथे दिरंगाई भरून निघत नाही. कंपनीचा समूह आरोग्यविमा सर्वसाधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि त्यात वडिलांचे नाव असेल तर तेही त्याच दिवशी उघडे पडतात. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे आणि समूह विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा कालावधीत (जुन्या आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावे लागते त्या काळात) धरली जातात. यासाठीचा अर्ज राजीनाम्याच्या आधी करा आणि विमा सलग होता याचे प्रमाणपत्र मनुष्यबळ विभागाकडून घ्या. एकदा गणवेश उतरला की साध्या कागदासाठी खेटे घालावे लागतात. मला विमा कंपनीशी कित्येक आठवडे पत्रव्यवहार करावा लागला होता.

नवी पॉलिसी घ्यायचीच झाली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तरीही रक्तदाबाची गोळी प्रस्तावात स्पष्ट लिहा. एजंट 'लिहू नका' म्हणाला, तर एजंट बदला. खोलीभाड्यावर मर्यादा असलेली पॉलिसी टाळा, कारण धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयात मर्यादेबाहेरची खोली घेतली, तर खोलीभाड्याच्या फरकाबरोबर बिलाच्या इतर भागांतही त्याच प्रमाणात कपात होते. दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप (वर्षभराचा रुग्णालयाचा खर्च ठरलेल्या रकमेपुढे गेला की वरचा भाग देणारी पॉलिसी) ही जोडणी मोठ्या एकाच पॉलिसीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट आहे.

वडिलांसाठी आयुष्मान वयवंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असले तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि नोंदणी आधारवरून होते. तुमच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे; ती आता पांढऱ्या शिधापत्रिकेवरही चालते. मात्र त्यातील उपचार ठरावीक असून ते अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांतच मिळतात, त्यामुळे तिला विम्याच्या जागी धरू नका. नियमित तपासणीसाठी मेडिकलशी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी) संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालय किंवा वर्धा मार्गावर मिहानमधले एम्स यांचा विचार करा. रांगेत वेळ जातो, पण निवृत्तीनंतर वेळ आपल्याकडे असतो आणि पैसा जपायचा असतो.

घराबाबत: फ्लॅटचे उरलेले कर्ज बाहेर पडतानाच फेडून टाका. कर चुकता करून सुरक्षित ठेवीवर जे मिळते, ते कर्जाच्या व्याजापेक्षा कमीच असते, आणि पगार नसताना हप्त्याची तारीख मनावर ओझे ठेवते. इमारतीला लिफ्ट आहे का, आणि तुमचा मजला शेवटचा आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. दोन्ही बाबी प्रतिकूल असतील, तर पुढील दहा वर्षांत त्याच भागात खालच्या मजल्यावर जाण्याचा विचार आत्ताच मनाशी ठेवा. तापलेल्या स्लॅबखाली मे महिना काढणे आणि गुडघे दुखत असताना तीन जिने चढणे, या दोन्ही गोष्टी साठीनंतर अवघड होतात. बेसा किंवा जामठ्याकडे प्लॉट घेण्याचा मोह मात्र या पैशातून नको. प्लॉटवर मासिक उत्पन्न नाही, गरजेच्या वेळी तो लगेच विकला जात नाही, आणि अकृषक परवानगी, मंजूर ले-आउट किंवा नागपूर सुधार प्रन्यासचे आरएल (प्लॉट नियमित केल्याचे पत्र) यांपैकी काही अपुरे असेल, तर हातातली रक्कम वर्षानुवर्षे अडकते.

महालातील हिस्सा विकण्याची घाई करू नका, पण त्याचे कागद आत्ताच नीट करा. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (शहरी मिळकतीच्या मालकीची नोंद) काढा, तिच्यावर कोणाची नावे आहेत ते पाहा, आणि वडील हयात असताना भावाशी बोलून हिस्से लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. नंतर विक्री झालीच, तर २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घरासाठी १२.५ टक्के साधा कर किंवा महागाई निर्देशांक लावून (मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के, यांपैकी कमी पडेल तो पर्याय मिळतो, आणि २००१ पूर्वीच्या मिळकतीसाठी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य आधाराला धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाकडून त्या तारखेचे मूल्य काढून घेतल्याशिवाय भावाशी किमतीची बोलणी करू नका. त्या पैशातून दोन वर्षांत खालच्या मजल्यावरचे घर घेतले, तर त्या प्रमाणात करही वाचतो. म्हणून हे दोन्ही व्यवहार एकत्र आखावेत.

मुलीच्या उरलेल्या दोन वर्षांचे शुल्क आजच वेगळ्या ठेवीत टाका आणि ती रक्कम निवृत्तीच्या हिशोबात धरू नका. हे सगळे वजा केल्यावर उरलेली रक्कम तुमच्या वार्षिक खर्चाच्या तीस पटींच्या आसपास असेल, तर मी स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणेन. वीस पटींच्या खाली असेल, तर ५५ पर्यंत थांबा, किंवा बाहेर पडून ५८ पर्यंत घरखर्चाचा निम्मा भाग तरी निघेल असे काम आधी पक्के करा. अर्ज मागे घेण्याची शेवटची तारीख योजनेच्या परिपत्रकात असते; ती पाहून ठेवा, आणि वैयक्तिक विम्याची मंजुरी त्या तारखेच्या आत आली नाही, तर अर्ज मागे घ्या.