वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील शैक्षणिक कर्जांचे नियम कोण ठरवते?

अमेरिकेतील विद्यार्थी-कर्जांच्या बदलत्या नियमांबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्या प्रश्नांचा रोख नियमांच्या तपशिलापेक्षा ते घडवण्याच्या पद्धतीवर आहे, ते या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पुढील वर्षी पदव्युत्तर शिक्षणासाठी केंद्र सरकारचे कर्ज घेणार आहे. नियम ठरवण्यासाठी समिती बसली आणि तिच्यात ‘वाटाघाटी’ झाल्या, असे वाचनात आले. कायदा काँग्रेसने (म्हणजे अमेरिकी संसदेने) केलेला असताना त्यावर पुन्हा वाटाघाटी कशाच्या? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : कायदा काँग्रेसच करते. केंद्र सरकारची बहुतेक विद्यार्थी-कर्जे आणि अनुदाने १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखाली येतात आणि त्यातील मोठे आकडे बहुतांशी काँग्रेसच्याच हातात असतात. गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या, परत न करायच्या पेल अनुदानाची कमाल रक्कम (२०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर) काँग्रेसच्या तरतुदींतून ठरते. नव्या कर्जांचा व्याजदर २०१३ पासून एका ठरीव सूत्राने निघतो : मे महिन्यातील लिलावात दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांना जो दर मिळतो, त्यात पदवीपूर्व कर्जांसाठी २.०५ टक्के मिळवले जातात. या दोन्ही बाबतींत शिक्षण खात्यापुढे वाटाघाटीला जागाच नाही.

कायदा जिथे मोघम बोलतो तिथे जागा निर्माण होते. कोणता अभ्यासक्रम मदतीस पात्र, फसवणूक झालेल्या विद्यार्थ्याचे कर्ज कोणत्या पुराव्यावर माफ करायचे, सार्वजनिक सेवेतील नोकरी कोणती मानायची, या गोष्टी शिक्षण खाते नियमांद्वारे ठरवते. इतर खाती १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार साधारणपणे आधी मसुदा छापतात आणि मग लोकांची मते मागवतात. चौथ्या प्रकरणाच्या बाबतीत मात्र काँग्रेसने १९९२ मध्ये आणि पुढे १९९८ मध्ये अधिक व्यापकपणे असे बंधन घातले की, ज्यांच्यावर नियमाचा परिणाम होणार त्यांच्याशी मसुदा छापण्यापूर्वीच समोरासमोर बसून बोलणी करावीत. तसे करणे अव्यवहार्य, अनावश्यक किंवा लोकहिताला बाधक असल्याचे मंत्र्यांनी ठरवले, तरच ही पायरी वगळता येते. म्हणजे लोकांच्या मतांसाठीची नेहमीची मुदत असतेच. वाटाघाटी ही तिच्या आधीची जादा पायरी आहे.

प्रश्न : या समितीत विद्यार्थी असतात का, की केवळ विद्यापीठे आणि कर्जवसुली कंपन्या? (एक विद्यार्थिनी, टेक्सास)

उत्तर : असतात. कायद्यानेच गटांची यादी दिली आहे : विद्यार्थी, त्यांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था, शिक्षणसंस्था, राज्यांच्या अनुदान यंत्रणा, कर्ज देणारे, हमी देणाऱ्या संस्था, कर्जखाती सांभाळणाऱ्या कंपन्या आणि वसुली करणाऱ्या संस्था. खाते ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात सूचना देते, जाहीर सुनावणी घेते, नावे मागवते आणि प्रत्येक गटासाठी एक मुख्य आणि बहुधा एक पर्यायी सदस्य नेमते. खात्याचा स्वतःचा प्रतिनिधीही त्याच टेबलावर सदस्य म्हणून बसतो. बैठक चालवण्यासाठी तटस्थ मध्यस्थ असतात.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. नावे सुचवायला सर्वांना मुभा असली, तरी निवड खातेच करते आणि कोणत्या गटाला स्वतंत्र खुर्ची द्यायची, कोणाला दुसऱ्याबरोबर जोडायचे, हेही तेच ठरवते. चर्चेला कोणते मुद्दे घ्यायचे याची प्राथमिक यादीही त्याचीच असते. पुढे दिसणाऱ्या अनेक निकालांची बीजे इथे पेरली जातात, आणि बातम्यांमध्ये या टप्प्याबद्दल सहसा एक ओळही नसते.

प्रश्न : सदस्य अंगठा वर किंवा खाली करून मत देतात आणि एका अंगठ्याने सगळी चर्चा फिसकटते, असे ऐकले. हे खरे आहे का? तसे असेल, तर कोणताही नियम कधी मंजूर तरी कसा होतो? (एक निवृत्त प्राध्यापक, कॅलिफोर्निया)

उत्तर : खरे आहे, आणि सगळ्या प्रक्रियेची किल्ली याच ठिकाणी आहे. येथे सहमती म्हणजे बहुमत नव्हे. एकाही सदस्याचा विरोध नसणे म्हणजे सहमती. मध्यस्थ कल विचारतात तेव्हा वर केलेला अंगठा म्हणजे मान्य, आडवा म्हणजे ‘पसंत नाही, पण चालवून घेईन’ आणि खाली केलेला म्हणजे विरोध. बैठका दूरदृश्य पद्धतीने झाल्या, तेव्हा हे अंगठे कॅमेऱ्यासमोर धरले जात आणि कोणालाही ते पाहता येत. गैरहजर सदस्याचा विरोध धरला जात नाही. त्यामुळे मतदानाच्या वेळी जागेवर नसणे हीसुद्धा एक भूमिका ठरू शकते.

एका माणसाला इतका अधिकार असेल, तर प्रत्येक जण अडवणूक करील, असे वाटणे साहजिक आहे. तसे सर्रास होत नाही, कारण विरोध करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. सहमती झाली, तर खात्याने त्याच शब्दांत मसुदा छापावा, अशी अपेक्षा कायद्यात आहे. ती झाली नाही, तर लेखणी पुन्हा खात्याच्या हातात जाते आणि त्याला स्वतःला हवा तो मसुदा लिहिता येतो, मग तो टेबलावरच्या शेवटच्या मसुद्याहून सदस्यांना कितीही गैरसोयीचा असो. म्हणून अंगठा वळवताना सदस्य ‘हा मसुदा मला आवडतो का’ असे विचारत नाही. ‘मी नकार दिला, तर याहून वाईट मसुदा येईल का’ असे विचारतो. खात्याचा प्रतिनिधी हे जाणून असतो. समजुतीच्या स्वरात दिलेली ही धमकी कधी उघड बोलली जाते, कधी नुसती समजून घेतली जाते. समितीला समान बळाच्या लोकांचे मंडळ समजणे मला म्हणूनच भाबडेपणाचे वाटते.

२०२५ च्या शरद ऋतूतील वाटाघाटी याचे ताजे उदाहरण आहेत. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी पदव्युत्तर ‘प्लस’ कर्ज (शिक्षणाच्या जवळजवळ संपूर्ण खर्चापर्यंत मिळणारे) बंद केले आणि दोन वेगळ्या मर्यादा घातल्या : सर्वसाधारण पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर, तर ‘व्यावसायिक’ पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर. व्यावसायिक पदवी कोणती, हे सांगण्यासाठी कायद्याने नवी व्याख्या केली नाही. खात्याच्या जुन्या नियमातील व्याख्येकडे बोट दाखवले. त्या जुन्या व्याख्येत औषधनिर्माण, दंतवैद्यक, पशुवैद्यक, कायरोप्रॅक्टिक, विधी, वैद्यक, ऑप्टोमेट्री, ऑस्टिओपॅथी, पोडियाट्री आणि धर्मशास्त्र ही दहा नावे उदाहरणादाखल दिली होती आणि यादी एवढ्यापुरतीच नाही, असेही तीत म्हटले होते.

सगळा वाद त्या दहा नावांच्या पुढे कोण येणार यावर झाला. यादी पूर्ण मानली, तर परिचर्या, भौतिकोपचार, समाजकार्य आणि वास्तुशास्त्र बाहेर राहतात. ती खुली मानली, तर मर्यादा घालण्यामागचा काँग्रेसचा हेतूच पातळ होतो, असा खात्याचा युक्तिवाद होता. अखेर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी समितीची सहमती झाली. जुन्या दहांत चिकित्सात्मक मानसशास्त्राची भर पडली आणि त्या क्षेत्रांना अगदी लागून असलेल्या काही डॉक्टरेट अभ्यासक्रमांसाठी वाट ठेवली गेली. परिचर्या बाहेरच राहिली. बातमी पसरल्यावर परिचारिकांच्या संघटनांनी जो संताप व्यक्त केला, त्यावरून अनेकांचा समज झाला की सरकारने हे परस्पर केले. प्रत्यक्षात त्या मसुद्याला टेबलावर कोणाचाही औपचारिक विरोध नव्हता. सदस्यांनी मान का डोलावली याचे उत्तर वर आले आहे. त्यांच्यापुढे अधिक उदार यादी हा पर्याय नव्हता. सहमती मोडली असती, तर आणखी आखूड यादी येण्याची भीती होती.

प्रश्न : सहमती झाली, तर खाते त्याला बांधील असते, असे आपण म्हणता. मग सरकार बदलले की नियम का बदलतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बांधिलकी फक्त त्या मसुद्यापुरती असते आणि तीही लवचीक असते. खात्याला सहमतीपासून दूर जायचे असेल, तर ते वाटाघाटी पुन्हा सुरू करू शकते किंवा सदस्यांना लेखी कारण देऊन वेगळा मसुदा छापू शकते. मसुद्यावर लोकांची मते आल्यानंतरही मजकूर बदलू शकतो. पुढच्या सरकारला तर नवी समिती बोलावून नवी बोलणी करायला पूर्ण मोकळीक असते.

‘लाभदायक रोजगार’ नियमाचा प्रवास पाहावा. कायद्यात एवढेच म्हटले आहे की, काही अभ्यासक्रमांनी विद्यार्थ्याला मान्य व्यवसायातील लाभदायक रोजगारासाठी तयार केले पाहिजे. लाभदायक म्हणजे किती, हे तिथे नाही. २०११ मध्ये नियम आला. जून २०१२ मध्ये, तो लागू होण्याच्या तोंडावर, न्यायालयाने त्याचा मोठा भाग रद्द केला, कारण माजी विद्यार्थ्यांच्या कर्जांपैकी परतफेड सुरू असलेल्यांचे प्रमाण किमान ३५ टक्के का हवे, याचे पटेल असे कारण खात्याला देता आले नाही. २०१३ ची समिती सहमतीविना उठली आणि खात्याने २०१४ मध्ये आपला नियम आणला. २०१९ मध्ये पुढच्या सरकारने तो मागे घेतला आणि २०२३ मध्ये त्यापुढच्या सरकारने नवा आणला. या काळात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्याचा अभ्यासक्रम कोणत्या कसोटीवर तोलला जाणार, हे तो पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत निश्चित नसे.

प्रश्न : बहुतेक नियम १ जुलैलाच का लागू होतात? (एक वाचक, इलिनॉय)

उत्तर : शैक्षणिक मदतीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि कायद्याने त्याला वेळापत्रक जोडले आहे : अंतिम नियम १ नोव्हेंबरपर्यंत प्रसिद्ध झाला, तर तो पुढच्या १ जुलैपासून लागू होतो, नाहीतर सर्वसाधारणपणे आणखी एक वर्ष थांबावे लागते. सार्वजनिक सेवेतील कर्जमाफीचा सुधारित नियम ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाला, म्हणजे मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी. त्यावरची वाटाघाट जूनच्या शेवटी सुरू होऊन २ जुलैला सहमतीविना संपली होती. बैठका इतक्या घाईत का उरकतात, याचे उत्तर पुष्कळदा याच तारखेत असते.

प्रश्न : वाटाघाटी करून केलेला नियमही न्यायालय रद्द करत असेल, तर इतक्या खटाटोपाचा उपयोग काय? (एक वाचक, जॉर्जिया)

उत्तर : न्यायालय प्रामुख्याने दोन गोष्टी तपासते : खात्याला असा नियम करण्याचा अधिकार होता का आणि त्याने कारणे नीट दिली का. किती लोकांशी किती दिवस चर्चा झाली, यावर नसलेला अधिकार निर्माण होत नाही. उत्पन्नाशी निगडित हप्त्यांची ‘सेव्ह’ योजना जुलै २०२३ मध्ये अंतिम झाली. तिच्या आधी समिती बसली होती, पण या मुद्द्यावर सहमती झाली नव्हती. २०२४ मध्ये आठव्या विभागीय अपील न्यायालयाने ती रोखली. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यातील संदिग्धतेचा खात्याने लावलेला अर्थ न्यायालयांनी मान्य करावा, हा चाळीस वर्षे जुना संकेत मोडीत काढला. मोघम शब्दांवर इमारत उभारणाऱ्या खात्याचे काम तेव्हापासून अधिक अवघड झाले आहे.

तरीही उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. बैठकांत मांडलेले आक्षेप नोंदीत राहतात. ज्या तरतुदीचा त्रास कर्जखाती सांभाळणाऱ्या कारकुनालाच ठाऊक असतो, ती मसुदा छापण्यापूर्वीच लक्षात येते. २०२१ मध्ये पूर्ण व कायमचे अपंगत्व आलेल्यांची कर्जमाफी आणि कैद्यांसाठी पेल अनुदान यांसारख्या विषयांवर सहमती झाली, ती अशाच तपशीलवार कामातून. पक्षीय वाद जिथे तीव्र नसतो तिथे ही पद्धत चांगली चालते.

प्रश्न : माझा भाचा तिथे विद्यार्थी व्हिसावर शिकतो. या नियमांचा त्याच्याशी संबंध आहे का, आणि मसुद्यावर त्याला मत नोंदवता येते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला केंद्र सरकारची कर्जे व पेल अनुदान मिळत नाही, त्यामुळे थेट संबंध नाही. मत नोंदवण्याला मात्र नागरिकत्वाची अट नाही. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर सरकारी संकेतस्थळावर ठरलेल्या मुदतीत कोणीही मत देऊ शकतो.

मत देणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. एकाच साच्यातील हजार पत्रांना खाते एकाच परिच्छेदात उत्तर देऊ शकते. याउलट, मसुद्यातील नेमक्या उपकलमाचा उल्लेख करून, ते कोणत्या अभ्यासक्रमाला कसे लागू होईल आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, हे आकड्यांसह सांगणाऱ्या एका पत्राला अंतिम नियमाच्या प्रस्तावनेत उत्तर देणे खात्याला टाळता येत नाही. ते टाळले, तर पुढे न्यायालयात तीच त्रुटी दाखवता येते. भाच्याला मत द्यायचे असेल, तर त्याने आपल्या विभागातील कर्जावर शिकणाऱ्या सहाध्यायांना नव्या मर्यादेपलीकडे किती रक्कम कमी पडेल, याचा हिशेब मांडावा आणि पत्रात आपल्या विद्यापीठाचे त्या वर्षाचे छापील शुल्कपत्रक जोडावे.