ट्रेलर थांबेल, पण पॉलिसीचा पाचवा हप्ता भरू नका

बदनापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४, मोटार रिवायंडिंगचं दुकान, चार एकर कोरडवाहू, घरात आई, पत्नी आणि दोन मुलं. मागच्या वर्षी त्यांनी पर्सनल लोन काढून दोन क्वाड बाइक (चार जाड चाकांच्या उघड्या गाड्या) घेतल्या. पावसाळ्यात रविवारी म्हैसमाळच्या वाटेवर ओळखीच्या शेतात, एरवी कृषी पर्यटन केंद्रावर किंवा जत्रेत गाड्या नेतात आणि चकरा मारायला देतात. ते लिहितात :

"सर, दारात बोलेरो उभी असताना दर फेरीला टेम्पोवाल्याला अडीच हजार द्यायचे जिवावर येतं. तयार ट्रेलर १ लाख ८५ हजारांना पडतो. जालन्याचा फॅब्रिकेटर १ लाख १० हजारांत बनवून देतो म्हणतो. कोणता घ्यावा? पैशाची अडचण नाही. गेल्या वर्षी पॉलिसीच्या हप्त्यासाठी घरचं सोनं ठेवलंच आहे, भाव वाढल्यामुळं त्यावर अजून मिळतील. यंदा माळेगावच्या यात्रेतच लाखभर निघतील."

भाऊ, आधी ट्रेलरचं बघू, कारण ते लवकर आटोपेल. तुम्हीच कळवलंय की वर्षात १८ फेऱ्या झाल्या. अडीच हजारांप्रमाणे टेम्पोचे ४५ हजार गेले. बोलेरोमागे ट्रेलर लावून सव्वाशे किलोमीटर जाऊन यायचं तर डिझेलचे १,२०० रुपये धरा. फेरीमागे वाचले १,३००, वर्षाचे २३ हजार. त्यातून टायर, ग्रीसिंग, दिव्यांची वायर, पट्टे यांचे पाच हजार काढले तर उरले १८ हजार. म्हणजे जालन्याच्या ट्रेलरचे पैसे सहा वर्षांनी वसूल, तयार ट्रेलरचे दहा वर्षांनी. हेही रोख घेतला तर. सोन्यावर कर्ज काढलंत तर ११ टक्क्यांनी १ लाख १० हजारांचं व्याजच १२ हजार होतं. हातात राहतात सहा हजार, आणि मुद्दल फेडायचं बाकीच. टेम्पोवाला आज तुमच्यापेक्षा स्वस्तात काम करतोय.

दुसरी गोष्ट तुम्हाला फॅब्रिकेटर सांगणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त संस्थेनं तपासून मंजूर केलेलं मॉडेल लागतं. चॅनल-अँगल जोडून, जुन्या व्हॅनचा ऍक्सल टाकून बनवलेला ट्रेलर दिसायला दणकट असेल, पण आरटीओत पास होणार नाही. तुमच्या दोन गाड्यांचं वजन ४०० किलो, ट्रेलरचं ३०० किलो. सातशे किलोचा भार वळणावर हुकमधून निसटला आणि समोर दुचाकी असली तर विमा कंपनी नोंदणीचे कागद मागेल, आणि ते नसतील तर भरपाई तुमच्या सात-बारापर्यंत येईल. १ लाख ८५ हजारवाल्यालाही पहिला प्रश्न हाच विचारा : मंजुरीचं प्रमाणपत्र कुठं आहे आणि नोंदणी कोण करून देणार? तो "कुणी विचारत नाही" म्हणाला तर तिथून उठा.

तर यंदा दोन्ही ट्रेलर नकोत. आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण पत्र वाचताना मी तिथंच अडकलो. सोनं पॉलिसीच्या हप्त्यासाठी ठेवलं, हे तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढं गेलात.

तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून चित्र असं दिसतं. समृद्धी महामार्गात जमीन गेली, मोबदला बँकेत जमा झाला, घर बांधून काही रक्कम उरली. २०२२ साली बँकेतल्या साहेबांनी बोलावून घेतलं, चहा पाजला आणि "एफडीसारखंच आहे, दहा वर्षांत दुप्पट" असं सांगून वर्षाला दीड लाखाची पॉलिसी गळ्यात घातली. पहिले तीन हप्ते मोबदल्याच्या पैशातून गेले. चौथ्याला पैसे नव्हते म्हणून सोनं गहाण पडलं. पाचवा पुढच्या महिन्यात आहे. त्यासाठी कापूस-सोयाबीनचे ९० हजार बाजूला काढलेत आणि उरलेले ६० हजार कुठून आणायचे ते ठरायचं आहे.

मला याचा मनापासून संताप येतो. कोणाच्या खात्यात मोबदला आला हे बँकेला सगळ्यात आधी कळतं. त्या माणसाची जमीन कायमची गेलेली असते, आलेला पैसा एकदाच आलेला असतो, आणि त्याला दहा वर्षं दरवर्षी भरायचा हप्ता विकला जातो. दुकान आणि कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला दीड लाखाचा बांधील हप्ता झेपेल का, हा प्रश्न त्या टेबलावर कुणी काढला नाही. विकणाऱ्याचं कमिशन मात्र पहिल्याच वर्षी सुटलं.

"दुप्पट" कसं झालं तेही बघा. दहा हप्त्यांचे १५ लाख, मिळणार २८ लाख. दुपटीच्या जवळपास आहे खरं. पण पॉलिसीच्या कागदावर ही रक्कम विसाव्या वर्षी आहे, दहाव्या नाही. दीड लाख दहा वर्षं भरून विसाव्या वर्षी २८ लाख म्हणजे सालाना साधारण ४ टक्के. हेच दीड लाख दहा वर्षं पोस्टात पीपीएफला टाकले असते, तर आजच्या ७.१ टक्के दरानं विसाव्या वर्षी ४४ लाखांच्या आसपास झाले असते. पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तो बदलू शकतो, पण १६ लाखांचा फरक दर थोडा खाली आला म्हणून भरून निघत नाही. शिवाय पीपीएफमध्ये एखाद्या दुष्काळी वर्षी ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्या सवलतीची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि तुम्ही ४ टक्क्यांच्या पॉलिसीत ११ टक्क्यांचं कर्ज काढून पैसे भरताय. वर १६ टक्क्यांचं पर्सनल लोन चालूच आहे, महिना ११,३०० चा हप्ता. माझ्या हिशेबानं त्याचे अजून ३ लाख २० हजार मुद्दल बाकी आहेत.

आता पॉलिसीचं काय करायचं? बहुतेकांना मी सांगतो की पुढचे हप्ते थांबवा आणि पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे न मोडता कमी रकमेवर मुदतीपर्यंत तशीच ठेवा. तुमची पेड-अप झाली तर दहापैकी चार हप्ते भरल्यामुळं विसाव्या वर्षी ११ लाखांच्या जवळपास मिळू शकतात. डोक्यावर कर्ज नसतं तर मी तेच म्हटलं असतं. पण ११ आणि १६ टक्क्यांची कर्जं अंगावर ठेवून १६ वर्षांनंतरच्या रकमेची वाट बघणं तुम्हाला परवडणारं नाही. सरेंडर करा, म्हणजे पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे घ्या. तुमच्या पॉलिसीला लागू असलेल्या नियमांप्रमाणे चौथ्या ते सातव्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या किमान ५० टक्के रक्कम द्यावी लागते. तुम्ही ६ लाख भरलेत, म्हणजे किमान ३ लाख. विशेष सरेंडर मूल्य याहून जास्त असू शकतं, म्हणून शाखेतून नेमका आकडा लेखी घ्या.

३ लाख बुडाले, हे वाचून पोटात गोळा येईल. ते गेलेच आहेत. अजून ९ लाख भरले म्हणून ते परत येत नाहीत.

पण सरेंडरच्या आधी एक काम. या पॉलिसीत १५ लाखांचं विमा संरक्षण आहे, ते सुटेल. आधी किमान ५० लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला साधारण १० हजार धरून चला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. दुकानाचं इन्कम टॅक्स रिटर्न भरत असाल तर कागद सोपे जातील. पॉलिसी हातात आल्यावरच जुनी मोडा.

मग पैसे असे वाटा. सरेंडरच्या ३ लाखांतून सगळ्यात आधी सोनं सोडवा. व्याजासकट १ लाख ६७ हजार लागतील. तुम्ही म्हणाल, १६ टक्क्यांचं कर्ज आधी फेडायला नको का? निव्वळ व्याजाच्या हिशेबानं बरोबर आहे. पण गोल्ड लोनची पूर्ण रक्कम मुदतीला एकरकमी द्यायची असते, आणि ती दिली नाही तर लिलावाची नोटीस येते. शिवाय ते दागिने तुमच्या पत्नीचे आहेत. हप्त्यासाठी ठेवताना आणि आता ट्रेलरसाठी वाढवून घेताना त्यांना विचारलं होतं का, हे पत्रात कुठं नाही. हा कागद त्यांच्यासोबत बसून वाचा.

उरलेले १ लाख ३३ हजार पर्सनल लोनमध्ये भरा. हप्त्यासाठी ठेवलेल्या ९० हजारांतून टर्मचे १० हजार, घरात अडीअडचणीला २० हजार, बाकीचे ६० हजारही लोनमध्येच. मुदतीआधी भरायला काही टक्के शुल्क लावतात, ते आधी विचारा. कर्ज राहील १ लाख ३० हजारांच्या आसपास. आहे तोच ११,३०० चा हप्ता चालू ठेवला तर साधारण वर्षभरात तेही संपेल. नंतर महिन्याला ११,३०० मोकळे आणि वर्षाला दीड लाखाची ओढाताण बंद. तेव्हा नोंदणी होणारा ट्रेलर रोखीनं घ्या, माझी हरकत नाही.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या लाखाबद्दल. पाच दिवस, दिवसाला २०० चकरा, चकरेला १०० रुपये, असा तुमचा हिशेब. दोन गाड्या आहेत. पाच मिनिटांची चकर, त्यात हेल्मेट घालणं, समजावणं, उतरवणं, पेट्रोल, मदतीच्या पोराचं जेवण. ८० झाल्या तरी खूप. म्हणजे पाच दिवसांचे ४० हजार, आणि त्यातून जागेचं भाडं, मदतीच्या दोन पोरांची मजुरी, लोह्यापर्यंत गाड्या न्यायचं भाडं आणि पेट्रोल जाणार. शिवाय माळेगावची यात्रा घोडे, गाढवं, उंटांच्या बाजारासाठी ओळखली जाते. बांधलेल्या घोड्यांच्या रांगेजवळ क्वाडचा आवाज झाला आणि एखादं जनावर उधळलं तर काय होईल, हे तुम्ही मनाशी बघा. परवानगी लेखी नसेल तर जाऊ नका.

याच कारणानं मला तुमच्या धंद्याची खरी काळजी वाटते. या गाड्या साधारणपणे रस्त्यासाठी नसतात, त्यांना नंबर नसतो, त्यामुळं नेहमीचा थर्ड पार्टी विमा त्यांना लागू होत नाही. कुणाचं पोर गाडीखाली आलं तर "स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहून घेतलेल्या चिठ्ठीनं तुमचा निष्काळजीपणा माफ होत नाही. सर्वसाधारण विमा कंपनीकडे पब्लिक लायबिलिटी पॉलिसीबद्दल (दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) विचारा, साहसी खेळ असा उल्लेख त्यात स्पष्ट हवा. ती मिळेपर्यंत लहान मुलांना एकटं गाडीवर बसवू नका. ट्रेलरच्या आधी पैसे इथं घाला.

चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकली म्हणून तक्रारही करा : आधी विमा कंपनीकडे लेखी, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे. विमा नियामक आयआरडीएआयचा फोन १५५२५५ आहे. पण चार वर्षं झालीत आणि माहितीपत्रकावर तुमची सही आहे, त्यामुळं तक्रारीच्या भरवशावर पाचवा हप्ता भरत बसू नका.

सरेंडरचा अर्ज द्यायला जाल तेव्हा तेच साहेब "थोडं थांबा, नवीन स्कीम आली आहे, त्यात वळवून देतो" म्हणतील. सरेंडरच्या फॉर्मखेरीज कशावरही सही करू नका. ओटीपी कुणाला सांगू नका. मूळ पॉलिसी देताना तिची झेरॉक्स आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या, आणि हे सगळं हप्त्याच्या तारखेच्या आत उरका, नाहीतर खात्यात पैसे असले तर हप्ता ऑटो-डेबिटनं आपोआप कापला जाईल. ऑटो-डेबिट बंद करायचा अर्ज आजच द्या.