सुभेदारकाकांना विचारा

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. ३ जुलैला शाळेत त्याला ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्यावर पाच मिनिटं बोलायचंय. जिथे बघावं तिथे एकच गोष्ट सापडते : फाळणीच्या वेळी पाकिस्तानने त्यांना मोठ्या पदाचं आमिष दाखवलं आणि त्यांनी ते धुडकावलं. दुसरं काही सांगण्यासारखं आहे का? आणि ते पॅराशूट ब्रिगेडचे, मग काश्मीरात त्यांच्या जवानांनी विमानातून उड्या मारल्या होत्या का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, उड्यांचं आधी उरकतो. नाही मारल्या. उस्मानसाहेबांची ५० पॅराशूट ब्रिगेड १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत पायदळासारखी डोंगर चढत लढली. तिच्यात आपली तिसरी मराठा (पॅरा) पलटण होती. तीच पुढे २ पॅरा झाली आणि डिसेंबर १९७१ मध्ये आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला छत्र्या घेऊन उतरली. मी या पलटणीत फार उशिरा भरती झालो, पण 'झांगर' हे नाव रंगरुटी संपायच्या आत पाठ झालेलं असायचं.

आता मुख्य गोष्ट. आमिष धुडकावल्याची हकिकत खरी आहे, पण ती पहिली सांगू नये असं माझं मत. माणसाकडून आधी निष्ठेचा दाखला मागायचा आणि मगच त्याचं शौर्य मोजायचं, हे मला पटत नाही. ब्रिगेड कशी चालवली ते सांगा ना!

डिसेंबर १९४७ मध्ये झांगर हे काश्मीरच्या आघाडीवरचं मोक्याचं ठिकाण आपल्या हातून गेलं. मीरपूर आणि कोटलीकडून येणारे रस्ते तिथे मिळतात, म्हणजे पुढचा धोका सरळ आपल्या ताब्यातल्या नौशेरा गावाला. झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, असं साहेबांनी ठरवलं. ऐन थंडीत, डोंगरात, जमिनीवर सतरंजी टाकून. ब्रिगेडियर खाली झोपतोय हे कळल्यावर कुठला जवान अंथरुणाची तक्रार करेल? ६ फेब्रुवारीला नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला, तो परतवला. तैनधारच्या चौकीवर नायक जदुनाथ सिंह धारातीर्थी पडले ते त्याच दिवशी. त्यांना परमवीरचक्र मिळालं. नौशेऱ्यातल्या अनाथ पोरांना हाताशी धरून साहेबांनी बालसेना उभी केली होती. ती पोरं गोळीबारात निरोप पोचवायची. आठवीतल्या मुलांना हे नक्की ऐकवा. बालसेनेतली बरीचशी त्यांच्याहून लहान होती.

१८ मार्च १९४८ ला झांगर परत आलं. त्या रात्री साहेबांसाठी खाट हवी, तर छावणीत एकही नाही! शेवटी गावातून मागून आणली म्हणतात.

भाषणं बहुतेक इथे टाळ्या घेऊन थांबतात. साहेब गेले ते यानंतर साडेतीन महिन्यांनी. जिंकलेली जागा राखणं हे कंटाळवाणं, जीवघेणं काम असतं. रोज तोफा वाजतात, रोज खंदक नीट करायचे, पाणी-दारूगोळा वर चढवायचा, आणि वर्तमानपत्रात एक ओळ नाही. ३ जुलैला झांगरमध्येच २५ पौंडी तोफेचा गोळा जवळ फुटला आणि ते गेले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. लग्न केलेलं नव्हतं. दिल्लीत जामिया मिलियाजवळच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं, पंतप्रधान नेहरू हजर होते. त्यांना मिळालेलं महावीरचक्र नंतरचं, कारण ही पदकंच मुळी २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली.

२०२० मध्ये त्या कबरीची कुणीतरी मोडतोड केली होती. सैन्याने ती दुरुस्त केली. हे मुलाने बोलावं की नाही, तुम्ही ठरवा; मी असतो तर बोललो असतो.

फळ्यावर त्याला मीरपूर, कोटली, झांगर, नौशेरा एवढं काढायला सांगा, रस्ते जोडून. पाकिस्तानच्या आमिषाला एक वाक्य पुरे. झांगर राखण्याला दोन मिनिटं द्या.